मोहोराचे राखणदार

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



ह्या वर्षीच्या संमेलनात चार शब्द बोलावे अशी आज्ञा मंडळाच्या कार्यकारिणीने मला केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. ह्या व्यासपीठावरून आपण आजवर विद्वानांची भाषणे ऐकली आहेत. मी एक सामान्य बागायतदार. वडिलांनी लावलेली कलमे सांभाळण्यापलीकडे माझ्या हातून विशेष असे काही घडलेले नाही. परंतु चिटणीस म्हणाले, "तुम्हांला जे ठाऊक आहे तेवढेच सांगा." तेव्हा जे मला ठाऊक आहे, आणि जे मी बरेच नुकसान सोसून शिकलो, तेवढेच आपणांपुढे ठेवतो. विषय आहे आपल्या आंब्याच्या बागांतील फवारणीचा, आणि त्या फवारणीत कोणाच्याही ध्यानी न येता मरून जाणाऱ्या उपकारक कीटकांचा.

ज्ञातीच्या संमेलनात हा विषय कशासाठी, असे कोणास वाटेल. परंतु ह्या सभागृहात बसलेल्या बहुतेक कुटुंबांची गावी थोडीफार कलमे आहेत. कोणाची दहा, कोणाची शंभर. कोणाची स्वतंत्र, तर पुष्कळांची चुलत्यापुतण्यांत सामाईक. आपण नोकरीव्यवसायानिमित्त मुंबईपुण्यास राहतो आणि बाग कराराने देतो. एप्रिलअखेर चार पेट्या घरी आल्या आणि कराराची रक्कम बँकेत जमा झाली, की बागेशी असलेला आपला वर्षाचा संबंध संपतो. त्या झाडांवर काय फवारले गेले, किती वेळा आणि कोणत्या कारणासाठी, हे आपणांपैकी किती जणांस सांगता येईल? मला स्वतःला पुष्कळ वर्षे सांगता येत नव्हते. म्हणून हा विषय बागेत राबणाऱ्यांइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, ह्या सभागृहाचा आहे असे मी समजतो.

प्रथम थोडा पूर्ववृत्तान्त. आंब्यावर तुडतुडा पडतो हे आपल्या आज्यापणज्यांनाही माहीत होते. पाचरीच्या आकाराचा हा लहानसा कीटक कोवळ्या पालवीतील आणि मोहोरातील रस शोषतो आणि मधासारखा चिकट पदार्थ अंगातून टाकतो. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते, पाने काजळी धरल्यासारखी दिसतात, मोहोर सुकतो आणि गळतो. ह्या शत्रूपुढे पूर्वीचा बागायतदार हतबल होता. डी.डी.टी. ह्या द्रव्याचा कीटकनाशक गुण पॉल म्युलर ह्या स्विस शास्त्रज्ञाने १९३९ साली शोधून काढला आणि १९४८ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे ती भुकटी गंधकाबरोबर मिसळून आपल्या मोहोरावर धुरळली जाऊ लागली. लहानपणी वडिलांबरोबर बागेत उभा असताना पांढरी धूळ झाडांवर बसताना मी पाहिली आहे, आणि त्या काळी आम्हां सर्वांस ती दैवी देणगीच वाटली होती. डी.डी.टी.चा शेतीतील वापर आपल्या देशात १९८९ साली बंद करण्यात आला आणि बी.एच.सी. १९९७ साली गेले. त्यांच्या जागी निराळी द्रव्ये आली, त्यांच्याही जागी आणखी निराळी आली. औषधे बदलली, आपली समजूत मात्र बदलली नाही. किडा दिसो वा न दिसो, तारीख आली की पंप चालवावयाचा, ही ती समजूत.

आणि आपण त्यास 'औषध' म्हणतो! आजारी माणसास औषध द्यावयाचे तर आपण आधी नाडी पाहतो, ताप मोजतो. झाडाच्या बाबतीत मात्र नाडी न पाहताच दर पंधरवड्यास मात्रा दिली जाते. वस्तुतः ते औषध नसून विष आहे. ते कधी कधी आवश्यक असते, हे मी नाकारीत नाही. परंतु विष ते विषच, आणि ते हाताळताना विषाची जाणीव मनात असली पाहिजे.

आता माझी स्वतःची हकीकत सांगतो. मीही नोकरीच्या काळात बाग कराराने देत असे. निवृत्तीनंतर गावी गेलो आणि मोठ्या उत्साहाने बाग स्वतः करावयास घेतली. पहिल्याच हंगामात मोहोर असा आला की पाहणाऱ्याने पाहतच राहावे. थोडे तुडतुडे दिसले. मी घाबरलो आणि ऐन फुलोऱ्यात, भर सकाळी, दोन औषधे एका टाकीत मिसळून फवारणी करविली. आठवड्याने धीर धरवेना, म्हणून पुन्हा एकदा केली. त्यानंतर एके दिवशी सकाळी बागेत फिरत असता, माझ्या वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे कामास येणारा एक म्हातारा गडी झाडाखाली थबकला आणि म्हणाला, "भाऊनू, मोहर इलो खरो, पन माशी खंय आसा?"

मी कान देऊन ऐकले. एवढा मोहोर झाडावर, आणि त्याखाली संपूर्ण शांतता! लहानपणी त्याच झाडाखाली उभे राहिले म्हणजे डोक्यावर सतत गुणगुण चालू असे. ती मला आठवली. त्या वर्षी मोहोर उदंड आला आणि फळ मात्र बेताचेच धरले. जे धरले, त्यावर पुढे फुलकिडे पडले, ज्यास आजचे बागायतदार थ्रिप्स म्हणतात. फळाची साल खरखरीत आणि तपकिरी झाली. मी पुन्हा फवारले. फुलकिडे पुन्हा आले. हंगामाअखेर हिशेब केला तेव्हा नऊ फवारण्या झाल्या होत्या आणि हातात डागाळलेला आंबा होता. दोष कोणा दुसऱ्याचा नव्हता. तो सर्वस्वी माझाच होता.

त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नात सगळे शास्त्र होते, हे मला नंतर कळले. आंब्याच्या एका तुऱ्यावर शेकडो फुले असतात. त्यांपैकी पुष्कळशी केवळ नरफुले असतात आणि थोडीच उभयलिंगी. फळ धरते ते फक्त ह्या दुसऱ्या प्रकारच्या फुलांत. तेथवर पराग पोहोचवावयाचा तर त्यास वाहक पाहिजे, आणि तो वाहक म्हणजे कीटक. सातेरी मधमाशी हे काम करते, बिनकाट्याची बारीक मधमाशी करते. परंतु आंब्याच्या बाबतीत सर्वांत मोठा वाटा साध्या माश्यांचा आहे. निळसर चमकणारी माशी, शेणावरची माशी, पिवळ्या काळ्या पट्ट्यांची सिरफिड माशी, ज्यांस आपण हाकलून देतो त्याच ह्या माश्या. ऑस्ट्रेलियातील काही आंबा बागायतदार तर माश्यांनी बागेत यावे म्हणून फुलोऱ्याच्या दिवसांत मुद्दाम कुजकी मासळी झाडांजवळ ठेवतात. आणि आम्ही काय करतो, तर आलेल्या माश्यांवर विषाचा फवारा सोडतो.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने, ज्याची स्थापना १९७२ साली झाली, मोहोराच्या संरक्षणासाठी सहा फवारण्यांचे वेळापत्रक बागायतदारांस दिलेले आहे. ते झाडाच्या अवस्थेनुसार आखलेले आहे. त्याच्याच जोडीला विद्यापीठाची एक सूचना आहे. फुले उमलल्यापासून फळधारणा होईपर्यंत फवारणी टाळावी. अगदीच निरुपाय झाल्यास सकाळी ९ ते १२ ह्या वेळेत तरी करू नये, कारण परागीकरण मुख्यतः त्याच वेळी होते. आपण त्या वेळापत्रकातील औषधांची नावे तेवढी पाठ केली आणि ही सूचना सोडून दिली. पुष्कळ बागांत सहाच्या ठिकाणी त्याहून कितीतरी अधिक फवारण्या होतात, हे मी आपणांस सांगावयास नको.

आता कीटकांच्या दुसऱ्या वर्गाकडे वळू. परागीकरण करणारे जसे आपले गडी आहेत, तसे किडींना खाऊन जगणारे हे आपले राखणदार आहेत. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा आपण सर्वांनी पाहिला आहे. तो आणि त्याची अळी मावा व पिठ्या ढेकूण ह्यांवर जगतात. क्रायसोपा नावाचा हिरवट, जाळीदार पंखांचा एक नाजूक कीटक आहे. त्याची अळी अत्यंत खादाड असून मऊ अंगाच्या किडी फस्त करते. मघाशी सांगितलेली सिरफिड माशी स्वतः फुलांवर परागीकरण करते, आणि तिच्या पुष्कळ जातींच्या अळ्या मावा खातात. म्हणजे एकाच घरातील आई एक काम करते आणि मुले दुसरे. ह्यांखेरीज गांधीलमाशीच्या कुळातील, डोळ्यांस जेमतेम दिसणारे परोपजीवी कीटक आहेत. ते किडीच्या अंड्यात अथवा अंगात आपले अंडे घालतात आणि तिला आतून संपवितात. कोळी हा खरोखरी कीटक नव्हे, परंतु त्याचे जाळे तुडतुड्यांनी भरलेले मी अनेकदा पाहिले आहे.

पाने शिवून घरटे करणारी तांबडी ओंबील आपल्या झाडांवर असतेच. चौथ्या शतकातील मानल्या जाणाऱ्या एका चिनी ग्रंथात असा उल्लेख आहे की, संत्र्याच्या झाडांचे किडीपासून रक्षण व्हावे म्हणून ह्या जातीच्या मुंग्या घरट्यासकट बाजारात विकल्या जात असत. अर्थात ओंबील ही निखळ उपकारक आहे असे मी म्हणणार नाही. ती पिठ्या ढेकणांना चिकट्यासाठी जपते आणि आंबा उतरविणाऱ्या गड्यांस कडकडून चावते. निसर्गातील मित्र हे असेच असतात. त्यांचे गुणदोष दोन्ही पाहून त्यांच्याशी वागावे लागते.

आता मुख्य प्रश्न असा की, फवारणीने जर शत्रू आणि मित्र दोन्ही मरतात, तर हिशेब समसमान का होऊ नये? ह्याचे उत्तर नीट समजून घेण्यासारखे आहे. किडीची संख्या मोठी असते आणि तिची वाढ झपाट्याने होते. तिची अंडी पानाच्या अथवा मोहोराच्या पेशींत सुरक्षित असतात. राखणदार संख्येने थोडे. ते भक्ष्याच्या शोधात पानोपानी हिंडतात आणि त्यामुळे विष अधिक अंगास लावून घेतात. जे वाचतात त्यांस खावयास किडी उरत नाहीत, म्हणून ते उपासमारीने मरतात अथवा निघून जातात. पंधरा दिवसांनी अंड्यांतून पुन्हा कीड बाहेर पडते, तेव्हा तिला अडविणारा कोणीही शिल्लक नसतो. म्हणून प्रत्येक फवारणी ही पुढच्या फवारणीची गरज निर्माण करून जाते. शिवाय जी थोडी कीड विषास पुरून उरते तिचीच संतती वाढते, आणि काही वर्षांनी तेच औषध तिला बाधेनासे होते. फवारणी वाढूनही कीड का वाढते, ह्याचे एक मोठे कारण हे आहे.

हे केवळ माझे अनुमान नव्हे. कॅलिफोर्नियाच्या लिंबूवर्गीय बागांचा इतिहास ह्यास साक्ष आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे कापसासारखा दिसणारा एक खवलेकीटक ऑस्ट्रेलियातून येऊन पोहोचला आणि बागा उजाड होऊ लागल्या. तेव्हा सी. व्ही. रायली ह्या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने आल्बर्ट कोबेले ह्यांस १८८८ साली ऑस्ट्रेलियास धाडण्यात आले. त्यांनी तेथून वेडालिया नावाचा एक चिमुकला ढालकिडा पाठविला. एकदोन वर्षांतच त्या ढालकिड्याने ती कीड आटोक्यात आणली आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ बागा निर्धास्त राहिल्या. १९४० नंतरच्या दशकात त्याच बागांवर डी.डी.टी. फवारले जाऊ लागले. ढालकिडा मेला, आणि विस्मृतीत गेलेली ती कीड पुन्हा उसळून वर आली. फवारणी आवरती घेऊन ढालकिड्यास परत आणावे लागले, तेव्हा कोठे परिस्थिती सुधारली.

दुसरे उदाहरण कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांताचे. तेथील सफरचंदाच्या बागांत ए. डी. पिकेट व त्यांचे सहकारी ह्यांना असे आढळले की, बुरशीवर फवारल्या जाणाऱ्या गंधकामुळे एका खवलेकिडीचे नैसर्गिक शत्रू मरत होते आणि म्हणून ती कीड वाढत होती. गंधकाऐवजी दुसरे बुरशीनाशक वापरताच राखणदार परतले आणि कीड हटली. बुरशीसाठी मारलेल्या औषधानेसुद्धा कीड वाढू शकते, ही गोष्ट आपणही लक्षात ठेवण्यासारखी आहे. रेचेल कार्सन ह्या विदुषीने १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'सायलेंट स्प्रिंग' ह्या ग्रंथात पिकेट ह्यांच्या ह्या कार्याची आवर्जून दखल घेतली आहे.

आणि फार दूर कशास जावे? आपल्याच देशात २००८ साली कोइमतूर येथे पपईवर एक नवा परदेशी पिठ्या ढेकूण आढळला आणि पाहता पाहता तो आपल्या महाराष्ट्रापर्यंत पसरला. शेतकऱ्यांनी फवारण्यांवर फवारण्या केल्या. अंगावर मेणचट कापूस पांघरलेल्या त्या किडीला त्यांचा उपद्रव फारसा झाला नाही. शेवटी २०१० साली बंगळूरच्या राष्ट्रीय कीटक संस्थेने पोर्टो रिको बेटावरून तिचे परोपजीवी शत्रू आणवून सोडले. त्यांतील ॲसेरोफॅगस नावाच्या एका सूक्ष्म कीटकाने ते काम केले, जे हजारो पंपांनी झाले नव्हते. मात्र ज्या बागेत विषारी फवारा चालूच राहतो, तेथे असा पाहुणा टिकाव धरू शकत नाही, हेही त्याच अनुभवाने शिकविले.

मग फवारणी अजिबात बंद करावी काय? माझे तसे म्हणणे नाही. मोहोरावर भुरी पडते, करपा पडतो. हे बुरशीचे रोग आहेत, आणि ढगाळ व दमट हवेत त्यांना आवर न घातल्यास हातचे पीक जाते. तुडतुडेही एखाद्या वर्षी असे येतात की विषावाचून गत्यंतर नसते. माझे म्हणणे एवढेच की, फवारणी पंचांग पाहून न करता मोजणी करून करावी. माझ्या बागेत मी काय करतो ते थोडक्यात सांगतो.

पावसाळा संपताच दाट झालेल्या झाडांची विरळणी करून आत ऊन आणि वारा खेळेल असे मी पाहतो. कारण तुडतुड्यास काळोखी, दमट जागा प्रिय असते. पालवी फुटल्यापासून आठवड्यातून एकदा बागेच्या निरनिराळ्या भागांतील दहा झाडे निवडतो, प्रत्येक झाडाच्या चारी बाजूंचे तुरे पाहतो आणि तुडतुडे किती, फुलकिडे किती, ढालकिडे आणि कोळी किती, हे वहीत लिहितो. एका मोहोरामागे पाच ते दहा तुडतुडे ही सर्वसाधारण धोक्याची मर्यादा शास्त्रज्ञांनी सांगितलेली आहे. त्याखाली असल्यास मी पंपास हात लावीत नाही. मर्यादा ओलांडली, तर आधी निंबोळीचा अर्क वापरतो. हवेत दमटपणा असल्यास मेटारायझियम ही किडीस रोग जडविणारी बुरशी वापरतो. त्याने भागले नाही तर रासायनिक औषध घेतो. परंतु एकाच गटातील औषध लागोपाठ दोनदा नाही, आणि दोन औषधे मनाने मिसळून तर कधीच नाही. सर्व प्रकारच्या कीटकांचा सरसकट संहार करणारी पायरेथ्रॉइड वर्गातील औषधे मोहोर फुटल्यानंतर मी बागेत आणू देत नाही. 'हे औषध मित्रकीटकांस अगदी निर्धोक आहे' असे कोणी सांगितले तरी त्यावर पूर्ण विसंबू नये. मधमाशीस सौम्य असलेले द्रव्य ढालकिड्याच्या अळीस घातक ठरू शकते.

पुष्कळ किडींना तर फवारणी लागतच नाही. खोडात शिरलेल्या भिरुडास तारेच्या आकड्याने बाहेर ओढता येते. फळमाशीसाठी विद्यापीठाचा रक्षक सापळा आहे. त्याच्या जोडीला गळलेली, सडकी फळे रोज गोळा करून खोल पुरली म्हणजे तिची पैदास खुंटते. ह्याच फळमाशीपायी १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने आपल्या आंब्यास दार बंद केले होते, आणि ते २०१५ च्या जानेवारीत उघडले, हे आपणांस स्मरत असेल. फळाच्या गरात बसलेल्या अळीपर्यंत कोणताही फवारा पोहोचत नाही. तेथे सापळा आणि स्वच्छता हेच उपाय. आणि शेवटची गोष्ट म्हणजे बागेच्या कडेची झुडपे, करवंदीची जाळी, रानफुले हे सर्व साफ करण्याचा हव्यास मी सोडला आहे. मोहोर नसतो त्या आठ महिन्यांत माझे राखणदार तेथेच राहतात आणि तेथेच जेवतात.

ह्याचे फळ काय मिळाले, तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पहिल्या वर्षी डागी आंबा अधिक निघाला आणि शेजारी हसले. दुसऱ्या वर्षीही मन अनेकदा डळमळले. तिसऱ्या वर्षापासून फवारण्या नवांवरून चारपाचांवर आल्या, आणि एका सकाळी मोहोराखाली ती जुनी गुणगुण पुन्हा ऐकू आली. दुर्दैवाने ती ऐकावयास तो म्हातारा गडी राहिला नव्हता.

बंधूंनो आणि भगिनींनो, आता ज्यासाठी मी येथे उभा आहे त्या मुद्द्यावर येतो. राखणदार परत यावयास दोनतीन वर्षे लागतात. आणि आपण बाग कराराने देतो ती बहुधा एका हंगामासाठी! ज्याचा बागेशी संबंध मे महिन्यात संपणार, त्याने पुढच्या वर्षीच्या ढालकिड्यांची काळजी का वाहावी? त्याने पैसे मोजलेले आहेत. ते ह्याच मोहोरातून वसूल झाले पाहिजेत. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते. म्हणून दोष त्याच्या माथी मारण्यापूर्वी आपण आपला कागद पाहिला पाहिजे. त्या कागदावर रक्कम असते, तारीख असते. झाडाविषयी एक अक्षरही नसते.

दुसरी गोष्ट, जी बोलताना मला लाज वाटते. पंप पाठीस अथवा नळी हातात घेऊन जो झाडावर चढतो, तो आपल्या घरातील नसतो. पुष्कळदा तो नेपाळातून पोटासाठी आलेला तरुण असतो. त्याच्या तोंडास फडके असले तर असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. आपल्या बागेत कमी झालेली प्रत्येक फवारणी म्हणजे त्या तरुणाच्या छातीत न गेलेले तेवढे विष होय. आपल्या पेटीतील आंबा कोणाच्या श्वासावर पिकतो, हे आपण मुंबईत बसून विसरता कामा नये.

म्हणून मंडळापुढे मी तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, आपल्या सभासदांनी बाग एका हंगामासाठी न देता निदान तीन वर्षांसाठी द्यावी, म्हणजे घेणाऱ्यास झाडाविषयी आस्था वाटेल. दुसरी, मंडळाने कराराचा एक आदर्श मसुदा छापून सभासदांस द्यावा आणि त्यात ही कलमे असावीत: फवारणीची वही ठेवावी, तीत तारीख, औषध, प्रमाण आणि मोजणीत काय आढळले ते लिहावे, ऐन फुलोऱ्यात मालकास विचारल्यावाचून फवारणी करू नये, गड्यास मुखपट्टी, हातमोजे आणि आंघोळीस साबणपाणी द्यावे. तिसरी, ज्यांच्या बागा सामाईक आहेत त्या भाऊबंदांनी जानेवारीत एक दिवस तरी एकत्र गावी जावे आणि मोहोराखाली उभे राहून आपल्या डोळ्यांनी मोजणी करावी. मुलांनाही बरोबर न्यावे. वाटणीच्या वादासाठी आपण गावी जातो, तसे एकदा ह्यासाठीही जाऊन पाहावे.

ह्या अटी घातल्या तर कराराची रक्कम कमी येईल, हे मी आधीच सांगून टाकतो. ती कमी घेण्याची आपली तयारी नसेल, तर माझे हे सारे बोलणे व्यर्थ आहे. परंतु विचार करा. ही कलमे आपण लावलेली नाहीत. ज्यांनी लावली त्यांनी घागरीने पाणी घालून, जांभा दगड फोडून खड्डे काढून ती जगविली, आणि त्यांतील कित्येकांनी त्यांचे भरघोस पीक पाहिलेही नाही. त्यांनी आपल्याला दिले तेव्हा झाडाबरोबर ती गुणगुणही दिली होती. आपण पुढच्या पिढीस नुसते झाड देणार काय?

जाता जाता एकच सांगतो. माशी असो वा ढालकिडा असो, त्यांस आपला गडगा ठाऊक नाही आणि आपली ज्ञातीही ठाऊक नाही. माझ्या बागेत वाचलेला कीटक शेजाऱ्याच्या मोहोरावर जाणार, आणि शेजाऱ्याच्या विषाने माझा राखणदार मरणार. म्हणून हे कार्य आपण आपल्या मंडळातून आरंभू, पण ते मंडळापुरते राहून चालणार नाही. गडग्यापलीकडच्या शेजाऱ्यास, मग तो कोणत्याही घरचा असो, बरोबर घ्यावे लागेल.

 येत्या जानेवारीत आपणांपैकी कोणी गावी गेलात, तर मोहोराखाली क्षणभर थांबा आणि कान द्या. गुणगुण ऐकू आली तर बाग सुखरूप आहे असे समजा. ऐकू आली नाही, तर करार करणाऱ्यास जाब विचारण्यापूर्वी आपण स्वतःस तो म्हाताऱ्याचा प्रश्न विचारावा, एवढीच माझी विनंती आहे.